पाऊस पडूलालाय

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. मलप्रभेच्या काठचं गाव. कौलारू घराची पडवी, पागोळ्या गळताहेत. खुंटीला प्लॅस्टिकची पिशवी.)

ही भाताच्या बियाण्याची पिशवी. बियाणं केव्हाच शेतात गेलं, पिशवी राहिली. आता तिच्यात एक वही असते. आखलेली. वहीला सुतळी, सुतळीला बॉलपेन. रात्रीची जेवणं झाली की माझे काका चष्मा लावतात, पिशवी खाली काढतात आणि एक ओळ लिहितात. फार तर दोन. पहिल्या वहीवर साल आहे १९७८. आताची वही एकतिसावी.

काका तिला रोजनिशी म्हणत नाहीत. घरात सगळे तिला ‘पावसाची वही’ म्हणतात.

(दृश्य: वहीचं पान, जवळून. काकांचं बोट ओळीवरून फिरतंय.)

काही ओळी वाचून दाखवते.

‘मिरग निघाला. वाहन कोल्हा. वारं हाय, पाऊस न्हाई.’

‘तरणा लागला. सकाळपासनं पाऊस पडूलालाय. तरू काढाय पाच बायका.’

‘ऊन. घाटाच्या दोन पायऱ्या दिसूलाल्यात.’

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, वाहन म्हणजे पंचांगात त्या नक्षत्राला दिलेला प्राणी, आणि तरू म्हणजे लावणीची भाताची रोपं. तरणा म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस. त्याच्यामागून पुष्याचा येतो, तो म्हातारा. आश्लेषाचा तो आसळका. आणि घाटाच्या पायऱ्या ही आमच्या नदीची मोजपट्टी. मलप्रभा वर कणकुंबीला उगम पावते आणि पार बागलकोट जिल्ह्यात, कूडलसंगमला कृष्णेला मिळते. पण काकांच्या वहीत ती कायम पायऱ्यांवरच असते. चार पायऱ्या, दोन पायऱ्या, पायरी नाही.

वही सुरू कशी झाली, ते काकांनी मला एकदाच सांगितलं. आजोबा गेले त्या वर्षी बांधाशेजारच्या एकानं विचारलं, ‘गेल्या साली तुमचं तरू कधी टाकलं होतं?’ काकांना सांगता येईना. आजोबांना सगळं तोंडपाठ असायचं, ते त्यांच्याबरोबर गेलं. दुसऱ्या दिवशी काका खानापूरच्या बाजारातून वही घेऊन आले.

(दृश्य: पडवीत चटई. वह्यांची चळत. शेजारी चार्जिंगला लावलेला फोन.)

मी पुण्यात नोकरी करते आणि माझं सगळं फोनमध्ये असतं. वाणसामानाची यादी, पासबुकाचे फोटो, रात्री झोप लागत नाही तेव्हा लिहिलेलं चार ओळींचं काहीबाही. या पावसाळ्यात तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन मी घरी आले ती या वह्या फोनमध्ये उतरवायला. कोणत्या वर्षी मृग कोरडा गेला, हे एका शब्दावर सापडलं पाहिजे, एवढीच इच्छा होती. सगळं टाइप करत बसले असते तर वर्ष गेलं असतं. म्हणून ओळ मोठ्यानं वाचायची आणि फोननं लिहून घ्यायची, असं ठरवलं. मराठीत बोलून लिहिण्याची ही सोय २०१७ च्या सुमारास आली. कन्नडचीही तेव्हाच आली.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू शेजारी येऊन बसल्या. ‘काय लिवलंय त्यात, वाच बघू,’ म्हणाल्या. मी फोनवरून वाचलं: ‘सकाळपासून पाऊस पडू लागला.’

काकू म्हणाल्या, ‘असं न्हाई लिवलेलं त्यांनी.’

(काही क्षण निवेदन थांबतं. फक्त पाऊस.)

वहीत होतं, ‘पाऊस पडूलालाय.’ म्हणजे पडतो आहे. बेळगाव, खानापूर, पलीकडं चंदगड, या सगळ्या पट्ट्यात आम्ही असंच बोलतो. करूलालोय, जाऊलालोय, येऊलाल्यात. फोनला हे रूप ठाऊक नव्हतं. त्यानं जवळचं, शाळेच्या पुस्तकातलं रूप उचललं आणि ‘पडू लागला’ असं लिहिलं. वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटेल. पण ही पावसाची वही आहे. चार दिवस न थांबता चाललेल्या पावसाला फोननं रोज सकाळी नव्यानं सुरू केलं होतं. त्या नोंदी वाचून पुढं कुणी हिशेब मांडला असता, तर पाऊस रोज रात्री थांबत होता, असं निघालं असतं.

मी मागं जाऊन तपासायला बसले. ‘तरू’चं कुठं ‘तर’ झालेलं, कुठं ‘तारू’. ‘मिरग’चं ‘मिरज’. त्या रात्री मला हसू आलं नाही. काकांनी इतकी वर्षं त्यांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी लिहिली होती, आणि मी दोन दिवसांत ती धुऊन पांढरी केली होती.

आमच्या शाळेत, सातवीपर्यंत, अशी रूपं लिहिली की बाई लाल शाईनं गोल करायच्या. काका चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. त्यांच्या वहीत लाल शाई कुणी लावलीच नाही. म्हणून तिथं ‘गड्यास्नी’ आहे, ‘आल्ता’ आहे, ‘न्हाई’ आहे. मधेच पहाणीचा, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचा, नंबर कन्नड आकड्यांत आहे, कारण कचेरीत तो तसाच लिहिलेला असायचा आणि काकांनी पाहून उतरवलाय. एका ओळीत दोन लिप्या. त्यासाठी काकांना कुठली कळ दाबावी लागली नाही.

(दृश्य: काका ओसरीवर, पानाची चंची उघडून. मागं चिखलणीचा ट्रॅक्टर.)

कागद बरा की फोन, यावर जगात बरेच प्रयोग झालेत. २०१४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास फार गाजला. लॅपटॉपवर टिपणं घेणारे शब्दन् शब्द उतरवत गेले. हातानं लिहिणारे मागं पडत, म्हणून निवडून लिहीत, आणि विषय समजण्याच्या प्रश्नांना त्यांचीच उत्तरं सरस निघाली. पुढं इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातला २०२४ चा अभ्यास मला जास्त विचार करायला लावतो. ३६ विद्यार्थी, प्रत्येकाच्या डोक्यावर मेंदूतले विद्युत्संदेश टिपणारी टोपी. हातानं अक्षर काढताना मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी जोडून काम करताना दिसले, टाइप करताना तितके नाहीत. आणि ते विद्यार्थी कागदावर लिहीतच नव्हते. डिजिटल पेननं पडद्यावर लिहीत होते. तिथं कागद नव्हता, हात मात्र होता.

काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘लिवलं की ध्यानात ऱ्हातंय. मागचं काढून कवा वाचतोय मी?’ हे खरं आहे. जुनी वही उघडताना मी त्यांना फार क्वचित पाहिलंय. साल विचारलं की सांगतात. चुकतात कधीकधी, ते पुढं येईलच.

(दृश्य: जुन्या पत्र्याची ट्रंक. झाकणाच्या आत पाण्यानं उमटलेली रेघ.)

ही रेघ २०१९ च्या ऑगस्टची. त्या वर्षी बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्याच नद्या पात्र सोडून बाहेर आल्या. चिकोडी, गोकाक, रामदुर्गकडं जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. काका-काकू वरच्या आळीत, देवळात. अकरा वह्या या ट्रंकेत.

पाणी ओसरल्यावर काकूंनी वह्या बाहेर काढल्या, पण उन्हात टाकल्या नाहीत. एकेका पानाआड रद्दीचा कागद घातला, तो भिजला की दुसरा घातला, आणि वह्या पंख्याखाली उभ्या ठेवल्या. आठ-दहा दिवस हेच. तेव्हा आम्हाला एक गोष्ट कळली. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकली. शिसपेनीनं लिहिलेलं तर जसंच्या तसं. पण पहिल्या पाच वह्या शाईच्या पेननं लिहिलेल्या होत्या, दौतीतल्या निळ्या शाईनं. ती पाण्यात विरघळते. त्या पाच वह्या आता फिकट निळ्या आहेत, कडेपासून कडेपर्यंत, आणि त्यांत एकही अक्षर नाही.

(दृश्य: निळं पान उजेडासमोर धरलेलं.)

आणि तरीही त्या पाच वह्यांतली चाळीस पानं आज आमच्याकडं आहेत. माझ्या चुलतभावानं शाळेच्या प्रकल्पासाठी पुराच्या तीन वर्षं आधी फोनवर फोटो काढले होते. हललेले, तिरके, एका फोटोत त्याचा अंगठाच. १९७९ चा मृग आमच्या घरात त्या अंगठ्याच्या शेजारी वाचता येतो, दुसरीकडं कुठंही नाही. कागदाची बाजू घेऊन बोलायला लागले की मी हा फोटो उघडून पाहते.

पुराच्या वर्षीची वही मात्र काकांनी अंगावर घेऊन नेली होती, शर्टाच्या आत. तिच्यात आहे: ‘आसळका. घरात पाणी.’ त्यानंतर नऊ ओळी मोकळ्या. तारखा घातल्यात, पुढं काही नाही. दहाव्या दिवशी: ‘ऊन.’ अक्षर मोठं, पेन दाबून धरलेला, पानाच्या मागं हात फिरवला की लागतं. फोनमध्ये उतरवताना मी आधी त्या नऊ तारखा गाळल्या होत्या, लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून. मग परत घातल्या.

(दृश्य: ट्रंकेच्या तळाशी पिवळा कागद. शेजारी एक सीडी.)

याच ट्रंकेत पणजोबांच्या काळचं एक खरेदीखत आहे. मोडीत. अक्षरं एका ओळीवर टांगल्यासारखी, हात न उचलता लिहिलेली. १९५० च्या सुमारास मोडी मागं पडली आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, राहिली. घरात हे खत कुणालाच वाचता येत नाही. आणि ही सीडी २००३ ची. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा पंचांनी देवळाची माहिती आणि देणगीदारांची यादी बेळगावात टाइप करून घेतली होती. मी ती लावून पाहिली. आत इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, मराठीचा मागमूस नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना समजणाऱ्या अक्षरांच्या यादीत, १९९१ पासून जागा होती, पण पुढं बरीच वर्षं जो तो आपापल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत असे. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. असे मजकूर परत युनिकोडमध्ये आणून देणारी साधनं मिळतात, पण फॉन्ट कुठला होता ते आधी कळायला हवं. मोडी वाचणारे अजून भेटतात. शिकवणारेही आहेत. युनिकोडमध्ये २०१४ पासून मोडीलाही जागा आहे. पणजोबांचं खत देवळाच्या यादीआधी वाचून होईल, असं मला वाटतं.

काका काही कॉम्प्युटरच्या विरोधात नाहीत. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्प आला, सुमारे दोन कोटी जमीन नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या, आणि तलाठ्याच्या हातची पहाणी बंद झाली. काका ते बरंच झालं म्हणतात. खिडकीवर जायचं, पैसे भरायचे, छापील कागद घ्यायचा. कागद कन्नडमध्ये असतो, काका अडखळत वाचतात, नंबर जुळला की घडी घालतात. कुठल्या साली शेतात कुठलं पीक होतं, ते त्या पहाणीत मिळतं. ते पदरात किती पडलं आणि का पडलं नाही, त्यासाठी पिशवी खाली काढावी लागते.

(दृश्य: रात्र. पडवीतला दिवा. निवेदिका फोनवर टाइप करताना.)

आता मी बोलून लिहिणं सोडलंय. प्रत्येक पानाचा फोटो काढते, तो दोन ठिकाणी ठेवते, आणि ओळी बोटांनी टाइप करते, काकांच्या शब्दांत. ‘पडूलालाय’ मी फोनच्या शब्दकोशात घातलाय. ‘तरू’, ‘मिरग’, ‘आसळका’ही. आता ‘पडू’ लिहिलं की तो शब्द वर येतो. माझ्या फोनवर येतो. दुसऱ्या कुणाच्या फोनवर येणार नाही, हे टोचत राहतं.

काल एकोणिसाव्या वहीत होते. पाऊस सोडून काही लिहिलेलं त्या वह्यांत जवळजवळ नाही. एक ओळ सापडली, मी पुण्याला गेले त्या दिवसाची. ‘पाऊस न्हाई. पोरीला खानापूर स्टेशनात सोडून आलो. येताना पाऊस.’ मी ती टाइप केली आणि काकांना दाखवली. बरं वाटेल त्यांना, असं मनात होतं.

त्यांनी फोन लांब धरून वाचलं. मग वही मागितली. ओळ शोधली, बराच वेळ पाहिली.

‘येताना पाऊस नव्हता गे,’ म्हणाले. ‘घरात आल्यावर आल्ता. रात्री.’

सुतळीचा पेन घेतला. ‘येताना’वर एक रेघ मारली, खालचं अक्षर दिसेल अशी. वर बारीक लिहिलं, ‘रात्री’. वही माझ्याकडं सरकवली.

‘आता परत फोटो काढ.’