आतड्यातला वण

मित्रहो, विषय आतड्यातल्या वणाचा आहे, पण आधी एक जुनं गाऱ्हाणं मांडू द्या. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी आतड्याच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या सुजेवर शोधनिबंध लिहिला. नावं आद्याक्षरांच्या क्रमाने छापली गेली, आजाराला पहिलं नाव चिकटलं, 'क्रोनचा आजार', आणि क्रोनसाहेब अमर झाले. ग्लासगोच्या डॅल्झील नावाच्या सर्जनने 1913 मध्येच असे रुग्ण नोंदवून ठेवले होते, त्याला कोण ओळखतं? (मी तोंडी परीक्षेत विचारतो. म्हणून पोरं माझं टेबल टाळतात.)

खरा राग पुढेच आहे. या आजारात वणाने आतडं अरुंद झालं की पूर्वी तो तुकडा कापून टाकत. दर खेपेला असं कापत गेलं तर पचवायला उरणार काय? क्षयानेही आतडं असंच आवळतं, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न नेहमीचाच. 1977 साली चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या कटारिया आणि सहकाऱ्यांनी क्षयाने आवळलेल्या आतड्यावरचा उपाय प्रसिद्ध केला. अरुंद भागावर छेद घ्यायचा लांबीच्या दिशेने, टाके मात्र घालायचे आडवे. आतडं जरासं आखूड होतं, पण वाट रुंद होते आणि टाकून काहीच द्यावं लागत नाही. 1982 मध्ये ली आणि पापायोआनू यांनी हेच क्रोनच्या आजारात करून दाखवलं. आता कुणी पाहुणा वक्ता येतो, इतिहास 1982 पासून सुरू करतो आणि आपण टाळ्या वाजवतो! हसू नका, मागच्या रांगेतल्यांनीही वाजवल्या असणार.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

सूज ओसरल्यावर मागे राहतो तो वण, ही समजूत अर्धीच खरी. मॅक्रोफेज आणि टी-पेशी या प्रतिकारपेशी टीजीएफ-बीटा, इंटरल्यूकिन-13 असे रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे फायब्रोब्लास्टचे, म्हणजे ऊतीचा सांगाडा विणणाऱ्या पेशींचे, मायोफायब्रोब्लास्ट होतात, ते आकुंचन पावतात आणि कोलॅजन या चिवट तंतुमय प्रथिनाचे थरावर थर रचतात. इथवर पाठ्यपुस्तक. पण भिंत ताठरली की तो ताठरपणाच या पेशींना आणखी चेतवतो. त्यांच्या ओढीने भोवतालच्या तंतूंच्या जाळ्यात अडकलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो. म्हणजे सूज विझली तरी वण वाढत राहू शकतो. आणि फायब्रोब्लास्ट नुसते हुकमाचे ताबेदारही नाहीत. ऑन्कोस्टॅटिन-एम हा दुसरा संदेश-रेणू मिळाला की तेच उलट प्रतिकारपेशींना बोलावणं धाडतात. आतड्यात हा रेणू जास्त असलेल्या रुग्णांना टीएनएफरोधक औषधं (सूज भडकवणारा टीएनएफ हा रेणू अडवणारी) कमी लागू पडतात, असं 2017 मध्ये दिसलं.

स्नायूंचा थर जाडावतो, पोट उघडल्यावर आतड्याला विळखा घातलेली पिवळी चरबी दिसते, तिचाही यात हात आहे. पण ते राहू दे. टीएनएफरोधकांनी सूज उतरते, साचलेलं कोलॅजन विरघळत नाही, आणि ते विरघळवणारं मान्यताप्राप्त औषध आतड्यासाठी अजून नाही. म्हणून उपचार सुरू करायला 'थोडं थांबून बघू' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझं भांडण आहे. सूज आणि वण दोन्हींत हात असलेल्या टीएल-वन-ए या रेणूला रोखणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या चालू आहेत. त्यावर कुणी प्रश्न विचारला तर अध्यक्षांनी तो वेळ माझ्या खात्यात धरू नये.