सीमा ओलांडली की प्रश्नच बदलतो

श्रोतेहो, नमस्कार.

९ मार्च २०१६. सतरा बँका सुप्रीम कोर्टात उभ्या होत्या. मागणी एकच, विजय मल्ल्याला देशाबाहेर जाऊ देऊ नका. व्याजासकट नऊ हजार कोटींची थकबाकी होती. ॲटर्नी जनरलनी कोर्टाला सांगितलं की मल्ल्या २ मार्चलाच देश सोडून गेला आहे. म्हणजे बँकांचा अर्ज सुनावणीला येईपर्यंत माणूस लंडनला पोचून आठवडा झाला होता.

यामागची आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये सीबीआयने त्याच्या नावाने लुकआउट नोटीस काढली होती. हा माणूस विमानतळावर दिसला तर अडवा, असं तिच्यात होतं. पुढच्याच महिन्यात ती नोटीस बदलली गेली. अडवू नका, फक्त आम्हाला कळवा. दार आपणच उघडं ठेवलं आणि मग चोर पळाला म्हणून ओरडलो, असं मी म्हणतो आणि ते मला आजही सलतं.

नीरव मोदीचं पाहा. फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा उघडकीला आल्यावर पंजाब नॅशनल बँकेने २९ जानेवारी २०१८ ला सीबीआयकडे तक्रार दिली. नीरव मोदी १ जानेवारीलाच गेला होता. त्याचा मामा मेहुल चोक्सी हाही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला, आणि त्याने तर नोव्हेंबर २०१७ मध्येच अँटिग्वाचं नागरिकत्व घेऊन ठेवलं होतं. आरोपी घाबरून, हाताला लागेल ती बॅग घेऊन पळतो अशी आपली समजूत असते. मोठ्या प्रकरणांत तसं क्वचित होतं. तिथे पासपोर्ट आधी येतो, तक्रार नंतर.

पण एवढा खटाटोप कशासाठी? पकडलं जाणार नाही म्हणून? नाही. मल्ल्याचा लंडनमधला पत्ता सगळ्या जगाला माहीत होता. नीरव मोदीला तर तिथल्या एका बातमीदाराने भर रस्त्यात गाठून प्रश्न विचारले होते, आणि पुढे मार्च २०१९ मध्ये तो बँकेत खातं उघडायला गेला तेव्हा पोलिसांनी त्याला अटक केली. लपून राहणं हा हेतूच नव्हता. माझं म्हणणं असं आहे की सीमा ओलांडली की खटल्याचा प्रश्नच बदलतो, आणि त्यासाठीच ती ओलांडली जाते.

मुंबईच्या कोर्टात प्रश्न असतो की पैसे कुठे गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कोर्टात प्रश्न झाला की आर्थर रोड तुरुंगाच्या बारा नंबरच्या बराकीत उजेड येतो का. कारण परत पाठवलेल्या माणसाला तुरुंगात माणसासारखं ठेवलं जाईल ना, हे तिथलं कोर्ट आधी तपासतं, आणि मल्ल्याला याच बराकीत ठेवायचं होतं. जुलै २०१८ मध्ये न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांच्यासमोर भारताने बराकीचे फोटो ठेवले. मल्ल्याच्या वकिलांनी त्यांवर शंका घेतली. तेव्हा न्यायाधीशबाईंनी सांगितलं, व्हिडिओ काढून पाठवा, भर दुपारी काढा, दिवे न लावता काढा, खिडकीतून येणारा उजेड मला दिसला पाहिजे. सातरस्त्याजवळच्या त्या तुरुंगात मग कॅमेरा गेला. आरोप होता हजारो कोटींच्या कर्जाचा आणि कोर्टाचं लक्ष होतं कोठडीच्या खिडकीकडे.

डिसेंबर २०१८ मध्ये न्यायाधीशांनी प्रत्यार्पणाच्या, म्हणजे मल्ल्याला भारताच्या ताब्यात देण्याच्या, बाजूने निकाल दिला. त्यानंतर गृहमंत्र्यांची सही, हायकोर्टात अपील, मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात जायची परवानगी नाकारली गेली. सगळ्या पायऱ्या संपल्या असं वाटलं, आणि तरी माणूस काही परत आला नाही. नीरव मोदीचंही अपील हायकोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फेटाळलं. त्याच्याही खटल्यात बारा नंबरची बराक होतीच. एकेका पायरीवर दोन-दोन वर्षं जातात. साक्षीदार म्हातारे होतात, अधिकारी निवृत्त होतात, कागद फायलींत जुने होतात. पळणाऱ्याने विकत घेतलेली गोष्ट हीच, वेळ.

कधी कधी सीमा ओलांडल्याने शिक्षाही कमी होते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यातला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालमध्ये ना फाशी आहे, ना जन्मठेप. त्यामुळे भारत सरकारला लेखी हमी द्यावी लागली की याला फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त तुरुंगात ठेवणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आणला गेला. २०१७ मध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष कोर्टाने त्याला जन्मठेप सुनावली, पण जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की सरकारने दिलेला शब्द सरकारला पाळावाच लागेल. त्याच कटातले जे आरोपी देशाबाहेर गेले नाहीत, त्यांच्यासाठी अशी हमी कुणी दिली नव्हती.

हे ऐकून कुणाच्याही मनात येईल की परदेशातले हे कायदे मोडीत काढावेत. मला ते पटत नाही. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातही अशीच कलमं आहेत. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी आपणही माणूस सोपवत नाही. उद्या आपल्याकडे आश्रयाला आलेल्या एखाद्या निरपराध माणसाला त्याचं सरकार मागू लागलं, तर हीच कलमं त्याला वाचवतील.

इलाज आपल्या घरात आहे, आणि थोडा सुरू झालाही आहे. नीरव मोदी प्रकरणानंतर पन्नास कोटींवरच्या कर्जदारांच्या पासपोर्टचा तपशील घेणं बँकांना सक्तीचं झालं. २०१८ च्या फरार आर्थिक गुन्हेगार कायद्याने, शंभर कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकरणातला फरारी परत आला नाही तरी त्याची मालमत्ता जप्त करता येते. मल्ल्याच्या मालमत्तेतून बँकांना चौदा हजार कोटींहून जास्त रक्कम परत मिळाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं आहे. माणूस हाती लागला नाही, पैसा लागला. हे यश कमी नाही.

राहता राहिले तुरुंग. बारा नंबरच्या बराकीत स्वच्छ संडास असेल, हवा-उजेड असेल, डॉक्टर वेळेवर येईल, असं आपण लंडनच्या कोर्टाला लिहून देतो. त्याच आवारातल्या बाकीच्या बराकींत क्षमतेच्या कितीतरी पट माणसं दाटीवाटीने झोपतात. देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, त्यांच्यासाठी दुपारच्या उजेडात व्हिडिओ काढा म्हणणारा न्यायाधीश नाही. परदेशी कोर्टाला जे लिहून दिलं, ते त्या सगळ्या बराकींना लागू करा, अशी माझी मागणी आहे. तसं झालं तर फरारी आरोपीच्या वकिलाच्या हातातला सगळ्यात मोठा मुद्दा जाईल. आणि तो फरारी कधीच परत आला नाही, तरी आर्थर रोडच्या बाकीच्या बराकींतल्या माणसांना रात्री कूस बदलण्यापुरती जागा मिळेल.

नमस्कार.