पारवे गेले, खरखर राहिली

नमस्कार मंडळी.

कोकणात ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकात टीव्ही होता त्यांना पडद्यावरच्या मुंग्या म्हणजे काय ते सांगायला नको. एक जण कौलांवर चढून अँटेनाचा बांबू फिरवतोय, दुसरा पडवीतून ओरडतोय, दिसता काय, नाय, वायच आणखी फिरव, आणि पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या आणि खरखर. बहुतेक मुंग्या हवेतल्या विजेच्या, आजूबाजूच्या मोटारींच्या, टीव्हीच्या स्वतःच्या सर्किटच्या असायच्या. पण त्यातली शंभरात साधारण एक मुंगी विश्वाच्या बालपणातून आलेली असायची. परत सांगतो, शंभरात एक. वाड्यावाड्यांत, मालवणला, देवगडला, गुहागरला, सगळीकडे ती पोचत होती आणि आपण तिला शिव्या घालत होतो.

ही भानगड काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण मला आज एक गोष्ट सांगायचीय आणि वेळ त्यातच जाणार आहे. विश्व सुरुवातीला भयंकर गरम होतं. इतकं गरम की अणूच टिकत नव्हते, सुटे इलेक्ट्रॉन मोकाट फिरत होते आणि प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. श्रावणात आंबोली घाटात गाडीचा लाइट लावला की उजेड समोर जायच्या ऐवजी धुक्यातच पसरून बसतो ना, तसं. मग विश्व पसरत गेलं, थंड झालं, आणि साधारण ३,८०,००० वर्षांनी तापमान ३००० अंशांच्या आसपास आल्यावर इलेक्ट्रॉन अणूंमध्ये अडकले, वाट मोकळी झाली आणि प्रकाश सुटला. तो अजून चाललाय. आज विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे, मधल्या काळात विश्व अकराशे पट ताणलं गेलं, त्याबरोबर त्या प्रकाशाच्या लाटाही ताणल्या गेल्या, आणि आता तो डोळ्याला न दिसणारा मायक्रोवेव्ह झालाय. तापमान शून्याखाली सुमारे २७० अंश. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण आहे, आणि सगळ्या दिशांनी सारखा आहे. हे दोन शब्द लक्षात ठेवा, सगळ्या दिशांनी आणि सारखा, कारण गोष्टीत तेच येणार आहे.

तर गोष्ट १९६४ सालची. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात होल्मडेल नावाचं गाव, तिथल्या टेकडीवर बेल टेलिफोन कंपनीच्या लॅबने एक अँटेना उभारली होती. तबकडीसारखी नाही, भल्यामोठ्या कर्ण्यासारखी, अॅल्युमिनियमची, तोंडच वीस फुटांचं. आकाशात सोडलेल्या एका चकचकीत फुग्यावर आपटून परत येणारे सिग्नल पकडायला ती केली होती. ते काम संपलं आणि दोन तरुणांना ती मिळाली. एक आर्नो पेन्झियास, ज्याला लहानपणी नाझींच्या जर्मनीतून जीव वाचवून बाहेर पाठवावं लागलं होतं, आणि दुसरा टेक्सासचा रॉबर्ट विल्सन. त्यांना आपल्या आकाशगंगेचा रेडिओ सिग्नल नीट मोजायचा होता. विश्वाच्या जन्माबिन्माचा विचारसुद्धा डोक्यात नव्हता.

आता नीट मोजायचं म्हणजे आधी अँटेनाची स्वतःची खरखर किती ते कळायला हवं. म्हणून पेन्झियासने द्रवरूप हेलियममध्ये थंड केलेलं एक उपकरण बनवलं, तुलनेला. अशी खरखर तापमानात मोजतात, अंश केल्व्हिनमध्ये, ज्याचा शून्य म्हणजे आपल्या शून्याखाली २७३ अंश. अँटेना सरळ वर आकाशाकडे केली तर आकडा आला ६.७. त्यातले २.३ आपल्या हवेचे, जेमतेम एक अंश अँटेनाच्या धातूचा वगैरे. उरले साडेतीन. हे साडेतीन अंश कुठून आले?

न्यूयॉर्क शहर जवळच आहे, म्हणून अँटेना तिकडे वळवली. काही फरक नाही. रात्री मोजलं, दिवसा मोजलं, ऋतू बदलले, सूर्य आकाशात सरकला, साडेतीन तसेच. १९६२ मध्ये अमेरिकेने वर अवकाशाच्या कडेला अणुबाँब फोडला होता, त्याचे कण असतील म्हणावं तर ते हळूहळू कमी व्हायला हवे होते, तेही होईनात. सगळ्या दिशांनी आणि सारखा.

मग लक्ष गेलं पारव्यांकडे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला, जिथे रिसीव्हरच्या केबिनची ऊब लागते तिथे, पारव्यांच्या जोडीने संसार थाटला होता, आणि आतून सगळं विष्ठेने माखलेलं. आपल्याकडे माळ्यावर, देवळाच्या शिखरात पारवे बसले की काय होतं ते माहितीच आहे तुम्हाला. त्या विष्ठेचं सुद्धा रेडिओ उत्सर्जन असू शकतं, म्हणून दोघांनी, पीएचडी झालेल्या दोन शास्त्रज्ञांनी, आत शिरून हाताने सगळं साफ केलं. पिंजरा लावून पारवे पकडले आणि कंपनीच्या टपालातून लांबच्या दुसऱ्या ऑफिसला पाठवून दिले. तिकडे ते सोडले. आणि पारवे काय करतात? घरी येतात! थोड्याच दिवसांत जोडी परत कर्ण्यात हजर. शेवटी बंदुकीने मारावे लागले. मला ते वाईट वाटतं, दर वेळी वाटतं, पण झालं ते असं झालं. तो पिंजरा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलाय.

अँटेना साफ झाली, पत्र्यांच्या जोडांवर अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली, परत मोजलं. खरखर थोडीशी कमी झाली पण साडेतीन अंश काही गेले नाहीत. पारवे गेले, खरखर राहिली.

इथे मला त्या दोघांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. सॅटेलाइटच्या कामाला तेवढ्या खरखरीने काही अडत नव्हतं, ते सोडून देऊ शकले असते. आपल्याकडे शाळेत प्रॅक्टिकलला आकडा जुळला नाही की पोरं पुस्तकातला आकडा वहीत लिहितात आणि आपण सही करतो. माझं स्पष्ट मत आहे की न जुळलेल्या आकड्याला मार्क जास्त द्यावेत, आणि प्रॅक्टिकलची परीक्षा एका दिवसात उरकायची पद्धत बंद करावी.

असो. पुढे पेन्झियास एकाशी फोनवर बोलत होता, विषय वेगळाच होता, त्यात ही खरखर निघाली, आणि समोरच्याने सांगितलं की प्रिन्स्टन विद्यापीठात डिकी नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्याशी आणि त्यांच्या मंडळींशी बोल, तिथे पीबल्स नावाच्या तरुणाने काहीतरी गणित मांडलंय. प्रिन्स्टन तिथून साठेक किलोमीटरच्या आत, म्हणजे कणकवलीहून सावंतवाडीला जाण्याइतकंच म्हणा. डिकी डबा खात मीटिंगला बसले होते, फोन घेतला, ऐकलं, ठेवला आणि पोरांना म्हणाले की आपल्या आधी दुसऱ्यांनी गाठलं. कारण ते लोक नेमका हाच उरलेला प्रकाश शोधायला स्वतःची अँटेना बांधत होते! एक गट शोधत होता त्याला मिळालं नव्हतं, दुसऱ्याला मिळालं होतं ते काय आहे तेच माहीत नव्हतं. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे लेख एकाच अंकात शेजारी-शेजारी छापून आले. पेन्झियास-विल्सनच्या लेखाच्या नावात विश्व हा शब्दच नाही, जास्तीचं अँटेना तापमान मोजलं एवढंच. १९७८ ला दोघांना नोबेल मिळालं.

आणि एक सांगायलाच हवं. १९४८ मध्येच राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी गणित करून लिहून ठेवलं होतं की असा प्रकाश उरलेला असणार आणि त्याचं तापमान पाच अंशांच्या आसपास असेल. कोणी शोधायला गेलं नाही. त्यांना नोबेल नाही मिळालं. हा अन्याय आहे असं मी मानतो.

आपले जयंत नारळीकर, कोल्हापुरात जन्मलेले, २०२५ च्या मे महिन्यात गेले. ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर विश्वाला सुरुवातच नाही या बाजूचे. हा प्रकाश सापडल्यावर जगातले बहुतेक लोक महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाला गरम सुरुवात होती या बाजूला गेले, नारळीकर गेले नाहीत, ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी शोषून परत सोडला तर असं दिसेल, असं गणित करून ते मांडत राहिले. पुरावे त्यांच्या बाजूने गेले नाहीत, पण आकड्याला आकड्याने उत्तर द्यायचं, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. गावागावात मराठीतून व्याख्यानं दिली ती वेगळीच.

पुढे १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये हाच प्रकाश मोजायला कोबी नावाचा उपग्रह वर गेला. दोन महिन्यांत त्याचा पहिला आलेख अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संमेलनात पडद्यावर दाखवला, मोजलेले ठिपके आणि गणिताची रेघ इतकी तंतोतंत बसली की सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. तापमान २.७ अंश केल्व्हिन आणि थोडं वर. दोनच वर्षांनी त्याच उपग्रहाने दाखवलं की सारखा म्हणजे अगदीच सारखा नाही, एक लाखात एखाद्या भागाचा फरक आहे, कुठे किंचित गरम, कुठे किंचित थंड. हा फरक म्हणजे तेव्हा द्रव्य कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ होतं त्याची खूण. जिथे किंचित दाट होतं तिथे पुढे द्रव्य जमत गेलं, आकाशगंगेसारख्या दीर्घिका झाल्या, सूर्य झाला, पृथ्वी झाली. आत्ता तुम्ही बसलाय तिथल्या एक सेंटिमीटर लांब, एक रुंद, एक उंच एवढ्याशा जागेत त्या जुन्या प्रकाशाचे चारशेच्या वर कण आहेत. परत सांगतो, चारशेच्या वर, आणि एक क्षण गेला की ते पुढे निघून जातात, दुसरे येतात.

पुढच्या वेळी भरती-ओहोटीवर बोलू. नमस्कार.