एक वर्ष आणि एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या फेडरल कोर्टात, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात, आरोपीचा वकील कधी कधी वरकरणी उफराटी वाटणारी विनंती करतो. न्यायाधीश बारा महिन्यांची शिक्षा द्यायच्या बेतात असतात आणि वकील म्हणतो, बारा महिने आणि वर एक दिवस द्या! वाढवून मिळालेल्या त्या एका दिवसामुळे माणूस पावणेदोन महिने आधी घरी येऊ शकतो. कारण चांगल्या वर्तणुकीची सूट वर्षाला जास्तीत जास्त 54 दिवस, आणि तीही एक वर्षापेक्षा मोठ्या शिक्षेलाच. बरोबर बारा महिन्यांची शिक्षा असेल, तर एक दिवसही सुटत नाही.

एवढ्याशा सुटीसाठी इतका आटापिटा कशाला? तर तिथे पॅरोलच, म्हणजे शिक्षा संपण्याआधी देखरेखीखाली होणारी सुटकाच, उरलेली नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या तुरुंगांत असा पॅरोल आजही आहे. पण फेडरल कायद्याखाली 1 नोव्हेंबर 1987 पासून पुढे केलेल्या गुन्ह्यांना तो मिळत नाही. शिक्षा दहा वर्षांची असेल, तर वर्तणूक कितीही चांगली असली तरी त्या सुटीने कमी होणार 540 दिवस, म्हणजे जेमतेम दीड वर्ष. आणि जन्मठेपेला ही सूटच नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा कमी केली किंवा कोर्टाने दया दाखवली, तरच सुटका.

या 54 दिवसांचीही एक कहाणी आहे. कायद्यात आकडा 54 होता, पण तुरुंग खातं प्रत्यक्ष भोगलेल्या दिवसांवर हिशेब करायचं, त्यामुळे कैद्याच्या पदरात वर्षाला सुमारे 47 दिवसच पडत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 2010 साली न्यायालयाने खात्याचीच रीत उचलून धरली. दहा वर्षांच्या शिक्षेत 70 दिवसांचा फरक! मला हा सरळ अन्याय वाटतो. डिसेंबर 2018 मध्ये ‘फर्स्ट स्टेप’ कायदा आला, तेव्हा कुठे ठोठावलेल्या शिक्षेवर पूर्ण 54 दिवस मोजायचं ठरलं. 19 जुलै 2019 ला हा नवा हिशेब लागू झाला आणि तीन हजारांहून अधिक कैद्यांची सुटका झाली.

याच कायद्याने आणखी एक दार उघडलं. तुरुंगातले अभ्यासक्रम आणि कामं नीट केली, तर दर 30 दिवसांमागे 10 दिवस जमा होतात. पुन्हा गुन्हा करण्याचा धोका सतत कमी दिसला, तर 15. त्या दिवसांवर सुटका एक वर्षापर्यंत अलीकडे येते, उरलेले दिवस ‘हाफवे हाऊस’मध्ये, म्हणजे तुरुंगाबाहेरच्या देखरेखीच्या वसतिगृहात, किंवा घरी नजरकैदेत काढता येतात. गंभीर गुन्ह्यांची एक लांबलचक यादी मात्र यातून वगळली आहे. आणि आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक तिकडे व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर आहेत, त्यांनी हे नीट ऐकावं: कैद्याविरुद्ध देशाबाहेर काढण्याचा अंतिम हुकूम झाला असेल, तर हे जमा दिवस सुटकेसाठी वापरता येत नाहीत.

आजारी आणि म्हाताऱ्या कैद्यांच्या लवकर सुटकेसाठी पूर्वी फक्त तुरुंग खातंच कोर्टात अर्ज करू शकत असे. खात्याच्या मनात आलं नाही, की सगळं तिथेच थांबायचं. आता वॉर्डनकडे अर्ज दिल्यावर 30 दिवस उलटले, की कैदी स्वतः न्यायाधीशांपुढे जाऊ शकतो. या कायद्यातली ही सगळ्यात माणुसकीची तरतूद, असं मला वाटतं.

आपलं कुणी अशा तुरुंगात असेल, तर खात्याने केलेला शिक्षेचा हिशेब मागून घ्या. निकालाआधी कोठडीत काढलेले आणि दुसऱ्या कुठल्या शिक्षेत न धरलेले दिवस त्यात वजा झालेत का, ते पाहा. चूक दिसली, तर कैद्याने आधी तुरुंगातच लेखी तक्रार द्यायची, मग विभागीय कार्यालयाकडे आणि शेवटी मुख्य कार्यालयाकडे. या पायऱ्यांना मुदती असतात, म्हणून प्रत्येक कागदाची प्रत तारखेसह जपून ठेवा.

नमस्कार.