वीतभर कागदावरची पक्ष्यांची सभा

श्रोतेहो, नमस्कार. हाताची वीत पसरा बरं. आज ज्या चित्राबद्दल बोलायचंय, ते उंचीला या वितेहून बोटभरच जास्त आणि रुंदीला जेमतेम अर्धी वीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं हे कागदावरचं इराणी लघुचित्र. एवढ्याशा जागेत पक्ष्यांची अख्खी सभा भरली आहे.

उजवीकडे खडकावर हुदहुद बसलाय. तोच, डोक्यावर तुरा मिरवणारा, आपल्याकडेही लांब चोचीनं माती टोकरत फिरणारा. खाली मोर, आजूबाजूला लहानमोठे कितीतरी पक्षी. फरीदुद्दीन अत्तार या बाराव्या शतकातल्या कवीनं सांगितलेली ही गोष्ट. पक्ष्यांना राजा हवाय, त्याचं नाव सीमुर्ग. वाट सात दऱ्यांची. निघतात पुष्कळ, पोचतात फक्त तीस. आणि फारसीत ‘सी’ म्हणजे तीस, ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी! ज्या सीमुर्गाला शोधत आले, तो म्हणजे ते स्वतःच असतात. चित्रकारानं मात्र तो शेवट नाही रंगवला, निघण्याआधीची घडी रंगवली. मला त्याची ही निवड फार मोठी वाटते. अजून कुणालाच काही ठाऊक नाही.

आता वर उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे एक शिकारी आहे, बंदूक घेतलेला. हे चित्र म्हणजे अत्तारच्या याच गोष्टीच्या एका हस्तलिखित पोथीतलं पान. ती पोथी लिहून झाली १४८७ साली, आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात. तिच्या आठ चित्रांपैकी चार त्याच काळातली. हे चित्र मात्र सुमारे १६०० सालचं, इराणचा राजा शाह अब्बास याच्या राजधानीतलं, इस्फहानमधलं, हबीबुल्ला नावाच्या चित्रकाराचं. शंभराहून अधिक वर्षं जुन्या पोथीत त्यानं आपल्या काळाची बंदूक आणून ठेवली. पुढे, १६०९ च्या सुमारास, शाहनं ही पोथी इराणमधल्याच अर्दबीलच्या दर्ग्याला अर्पण केली.

‘कागद’ हा आपला शब्दही फारसीतूनच आलेला. तिथले कारागीर कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडानं घोटायचे, तेव्हा कुठे केसाएवढी रेघ न फुटता उमटायची. या चित्रात सोनं आहे, चांदीही आहे. सोनं तसंच राहतं, चांदी हवेनं काळवंडते. अशा चित्रांतले ओढे आज काळपट दिसतात ते त्यामुळेच. ते पाणी एकेकाळी लखलखत होतं, हे मनाशी धरून पाहावं लागतं.

उजेडानं रंग उडतात, म्हणून अशी पानं थोडे महिनेच मंद प्रकाशात मांडतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात. पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे पान हवं तेवढं मोठं करून पाहता येतं. घाई करू नका. आधी हुदहुद शोधा, मग तो शिकारी.