हरकतीचे पंधरा दिवस

नमस्कार श्रोतेहो.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी मुंबईत 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढलं, म्हणून त्या दिवशी आपण पत्रकार दिन पाळतो. मी आज बोलणार आहे ते मात्र तालुक्याच्या चार पानी साप्ताहिकाबद्दल.

आमच्याकडे ते गुरुवारी दुपारच्या एसटीनं यायचं. मी तेव्हा नववीत. मावशीला कमी दिसायचं, म्हणून मी तिला अख्खा अंक मोठ्यानं वाचून दाखवायचो. (मुलांना मोठ्यानं वाचायला लावा हो. मराठी जिभेवर बसायला दुसरा उपाय नाही!)

एका गुरुवारी मावशी पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती. मी तिसऱ्या पानावरची जाहीर नोटीस वाचली. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की', मग मौजे अमुक, गट नंबर तमुक, आणि शेवटी 'कोणाची हरकत असल्यास 15 दिवसांत लेखी कळवावे'. मावशीचा हात थांबला.

"गट नंबर परत वाच."

मी वाचला.

"परत."

तो आमच्या सामाईक बागेचा नंबर होता. मुंबईच्या पुतण्यानं मावशीला न विचारता बाग विकायला काढली होती. रातांब्यांनी लाल झालेले हात तिनं तसेच पदराला पुसले आणि सातबाऱ्याची पिशवी काढली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही तालुक्याला वकिलांकडे. हरकत गेली, व्यवहार थांबला. पुढे रीतसर वाटप झालं आणि मावशीच्या वाट्याची कलमं मावशीच्या नावावर लागली.

ते साप्ताहिक आता बंद आहे. छपाईचा कागद महागला. 2019 मध्ये आयात कागदावर 10 टक्के सीमाशुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते निम्मं झालं, पण तोवर मार्चची टाळेबंदी आली. कागदावरून रोग येतो या भीतीनं लोकांनी अंक बंद केले ते केलेच. दुकानदारांच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या.

नोटिसा आजही छापून येतात, श्रोतेहो. येतात, पण आमच्या गावात न येणाऱ्या पेपरात. पंधरा दिवस तिकडेच सरतात. नळयोजनेच्या निविदेचं तेच, ग्रामसभेत कोण काय बोललं त्याचंही तेच. मोबाइलच्या ग्रुपवर बातमी येते, पण ती लिहिली कोणी? पेपरवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायचं बंधन 1867 च्या कायद्यानं घातलं. बातमी चुकली तर संपादकाच्या दारात जाऊन जाब विचारता यायचा. आमच्या गावचे लोक जायचेसुद्धा!

मावशी गेल्यावर तिची पिशवी माझ्याकडे आली. सातबाऱ्याच्या घडीत ते कात्रण होतं. गट नंबराखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती, आणि कडेला तिच्या अंगठ्याचा रातांब्याचा डाग.