आधी तारा, मग शीड

(दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव 'जुन्या कॅटमरानचं नूतनीकरण : काय आधी, काय नंतर' असं छापलंय. तिथपर्यंत मी पोचणार आहे, काळजी नसावी. त्याआधी एक विनंती. मघाशी चहाच्या वेळी ज्यांना ज्यांना शंका होत्या, ते सगळे माझ्या नवऱ्याला गाठत होते. तो भला माणूस आहे, ट्रेलर झकास रिव्हर्स घेतो. होडीचं मला विचारा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गल्लीत, कुणाच्या तरी साइडयार्डात, विरलेल्या निळ्या ताडपत्रीखाली एक होबी १६, म्हणजे शिडाची छोटी कॅटमरान, दोन लांबट पोकळ सांगाडे (हल) जोडून केलेली होडी, पडलेली असणार. पोरं कॉलेजला गेली, आईवडिलांचे गुडघे गेले, होडी राहिली. या गावाला ते शोभतंच म्हणा. होबी आल्टरनं १९५४ साली सर्फबोर्डचं दुकान टाकलं ते इथेच, डेना पॉइंटला. बाल्सा लाकडाऐवजी फोमचे बोर्ड करण्यात त्याचा हात बसला आणि तोच अनुभव पुढे होड्यांत कामी आला. १९६८ ला होबी १४ आली, मागोमाग १६. लांबी ५.०५ मीटर, वजन सुमारे १४५ किलो. खाली सेंटरबोर्ड, म्हणजे होडीला आडवं सरकू न देणारी फळी, नाही, म्हणून थेट वाळूवर चढवता येते. हल बाहेरून सपाट, आतून फुगीर. बोर्डाचं काम तेच करतात. सगळ्या जगात खपली. आता अशी होडी कुणी फुकट देऊ केली, की पहिला प्रश्न काय येतो? 'ताई, नवीन शिडं कुठे मिळतील?' आणि दुसरा : 'इंद्रधनुष्यी रंगात मिळतील का?'

माझं सगळं भांडण या दोन प्रश्नांशी आहे. शिडं सगळ्यात शेवटी घ्यायची.

लेक पेरिस या तलावावर आपल्यातलेच एक काका आले होते. नाव सांगत नाही, समोरच बसलेत. होडी कितीतरी वर्षं उन्हात पडलेली. पण शिडं कोरी करकरीत, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी म्हटलं, काका, तारा बघितल्या का? म्हणाले, "अगं, स्टेनलेस आहेत, त्यांना काय होतंय!" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता उत्तर द्यायला तोंड उघडायच्या आत हसू येतं. वारा काही फार नव्हता. काकांचा मुलगा ट्रॅपीझवर, म्हणजे वरून येणाऱ्या तारेला पट्ट्याने अडकून होडीबाहेर, लटकलेला, एक हल नुकताच पाण्यावरून उचललेला, आणि फाटकन आवाज झाला. वाऱ्याच्या बाजूची शराउड, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरून ठेवणारी तार, तुटली की डोलकाठी पलीकडच्या बाजूला आडवी होते. ट्रॅपीझची तार त्याच डोलकाठीला, त्यामुळे मुलगा पाठमोरा पाण्यात. कुणाला काही लागलं नाही. नवं शीड मात्र पडता पडता कशात तरी अडकून टरकन फाटलं. काकांनी होडी किनाऱ्याला लागल्यावर आधी शीड तपासलं, मग मुलगा. काका, हसू नका, काकूंनी सांगितलंय मला.

तर तुटलं कुठे? हा तुकडा फिरवते, सगळ्यांनी बघा. लहान मुलांच्या हातात देऊ नका, टोकं बोचतात. एकोणीस तारांचा पीळ. टोकाला तो वळवून फास केलाय, फासावर दाबून बसवलेली धातूची नळी, आणि त्यावर प्लॅस्टिकचं वेष्टण. उघड्यावरचा भाग बघा, चकाकतोय. आता मी वेष्टण चिरलंय तिथे बघा : चहाच्या डागासारखा तपकिरी रंग, आणि नळीच्या तोंडाशी तीन-चार तारा तुटून उभ्या राहिल्यात. स्टेनलेसला गंजू न देणारा पापुद्रा असतो, तो टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. वेष्टणाखाली खारं पाणी कोंडून बसतं, ऑक्सिजन संपतो, आणि धातूला आतून खड्डे पडतात. होडी समुद्रातून गॅरेजात आली तरी मीठ आतच राहतं. वेष्टण संरक्षणाला म्हणून लावतात आणि ते पुरावाच झाकून टाकतं. सासरच्या माणसांबद्दल मी बोलत नाहीये.

त्यातही एक गोम आहे. होबी १६ वर तुम्ही जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, ताणून चढवलं, की पुढची तार, फोरस्टे, ढिली पडते. मग डोलकाठीला पुढून धरून ठेवतं कोण? जिबच्या पुढच्या काठात शिवलेली तार. म्हणजे ज्याला आपण कापड समजतो, त्याच्या पोटात होडीचा आधार असतो. जुन्या जिबच्या काठावर गंजाचे डाग दिसले, तर ते जिब वापरू नका, बाकी कितीही धडधाकट असो. शिडं शेवटी घ्या, या माझ्या हट्टाला एवढा एकच अपवाद.

विजेच्या तारांचं सांगायलाच हवं. ॲल्युमिनियमची डोलकाठी साडेसव्वीस फुटांची. ती ओव्हरहेड लाइनला लागून माणसं गेली, कोर्टकज्जे झाले, आणि १९८० च्या दशकात कंपनीनं वरचा भाग वीज न वाहणाऱ्या कंपोझिटचा केला. त्याला कॉम्पटिप म्हणतात. काही शहाणे वजन आणि लवचीकपणाच्या नावाखाली मुद्दाम जुनी, अखंड ॲल्युमिनियमची काठी शोधत फिरतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पार्किंगमध्ये त्यांच्यापासून लांब उभी राहते. कॉम्पटिप असली म्हणून सगळं भागत नाही, खालचा भाग धातूचाच असतो. काठी उभी करण्याआधी मान वर करून बघा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आत तबला लावायला घेतलाय, ऐकू येतंय मला.

बरं, मग भरभर. सगळ्यात आधी हल. हलांना जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांड्याच्या, क्रॉसबारच्या, पुढचा भाग अंगठ्याने दाबा, नाण्याने ठोका. 'टक' आलं तर उत्तम. 'थप' आलं तर फायबरग्लासचा थर फोमपासून सुटलाय. जागा लहान असेल तर फक्त वरच्या थराला बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी सोडा, शेजारच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. पुढचा सबंध भाग मऊ असेल तर ती होडी फुकटही घेऊ नका. गळती बघायला ड्रेन प्लगच्या भोकातून तोंडाने हवा फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. काँप्रेसर लावू नका, हल उलतो. ठेवणीत प्लग काढूनच ठेवायचे, नाहीतर उन्हात आतली हवा फुगते.

मग तारा. शराउड, फोरस्टे, ब्राइडल (हलांच्या टोकांपासून फोरस्टेला जाणाऱ्या तारा), ट्रॅपीझ, सगळ्या एकदम बदला. एक नवी, तीन जुन्या असा संसार नको. पिना आणि रिंगाही नव्या. ॲल्युमिनियममध्ये जिथे जिथे स्टेनलेसचा स्क्रू जातो तिथे इन्सुलेटिंग पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या वेळी निघेल. डोलकाठी पोकळ आणि बंद असते. तिचं सीलिंग गेलं असेल तर होडी कलंडल्यावर काठीत पाणी भरतं आणि होडी पुरती उलटी होते. काठी पाण्यात दाबून बुडबुडे बघायचे. कम्युनिटी पूलमध्ये हा प्रयोग केलात तर एचओएचं, म्हणजे सोसायटीचं, पत्र येतं.

त्यानंतर ट्रॅम्पोलीन, म्हणजे दोन हलांमध्ये ताणलेली बसायची जागा. कापड शाबूत दिसतं, शिलाई उन्हाने मेलेली असते. नखाने टाका ओढून बघा, तुटला तर नवं घ्या, शक्यतो जाळीचं, पाणी लगेच निथळतं. मग सुकाणूच्या पिना आणि कास्टिंगमधली, म्हणजे ओतीव भागांमधली, ढिलाई. इथपर्यंत पैसे उरलेच, तर मेनशीटचे, म्हणजे मोठं शीड ताणायच्या दोरीचे, सहा पदरी बुटके ब्लॉक (कप्प्या) घ्या. डोलकाठी मागे झुकवली की बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, खाली येतो आणि जुने उंच ब्लॉक एकमेकांना टेकतात. शीड पुरतं ताणताच येत नाही. नवी शिडं यानंतर. रंग तुमच्या आवडीचा.

हो, हो, आवरते. ट्रेलर राहिला. टायरवर चार आकडी तारीख असते : २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी असला टायर घेऊन फ्रीवेवर चढू नका. आणि आठ फुटांवरच्या शिडाच्या होडीला इथे डीएमव्हीची, म्हणजे मोटार वाहन खात्याची, नोंदणी लागते, तेव्हा स्पॅनर हातात घेण्याआधी कागद कुणाच्या नावावर आहेत ते बघा. बाकीचं जेवताना विचारा. मला.